जिन्याखालची पेटी : फ्यूज, आरसीडी की आरसीबीओ?

इंग्लंडमध्ये घर घेताना आपण मंडळी बऱ्याच गोष्टी बारकाईने पाहतो. स्टेशन किती लांब आहे, शाळा कोणती मिळेल, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, आणि देवघर पूर्वेला करता येईल का, हेसुद्धा. जिन्याखालच्या कपाटात, भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगांच्या आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे जी विजेची पेटी असते, तिच्याकडे मात्र लाइट गेल्याशिवाय कोणाचे लक्ष जात नाही. सर्व्हेअरच्या अहवालातही तिच्याबद्दल बहुधा एवढेच असते, की विजेची तपासणी केलेली नाही, तज्ज्ञाकडून करून घ्यावी. हे वाक्य वाचून आपण पान उलटतो. पुढे काही वर्षांनी इलेक्ट्रिशियन पेटी बदलण्याचे तीन निरनिराळे आकडे सांगतो, तेव्हा कोणता आकडा कशाचा हे कळत नाही. या लेखात तेच समजून घेऊ.

या पेटीला इथे कन्झ्यूमर युनिट म्हणतात. जुने शेजारी अजूनही फ्यूजबॉक्स म्हणतात. आपल्याकडे मीटरजवळ पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज असायचे आणि उडाले की वडील मंडळी मेणबत्तीच्या उजेडात तार बांधायची, ते आठवत असेल. इथल्या १९६०-७० च्या घरांतही तसेच तारेचे फ्यूज होते, आणि काही घरांत अजून आहेत. पांढरा ठिपका ५ अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, तांबडा ३० चा. ‘जरा जाड तार घाला म्हणजे सारखी उडणार नाही’ हा सल्ला आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकला आहे. यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. तार उडणे हेच तिचे काम. ती उडाली नाही तर भिंतीतली केबल तापते, आणि ती तापलेली आपल्याला दिसत नाही.

वायरचे रक्षण वेगळे, माणसाचे वेगळे

येथे एक मूळ गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सुशिक्षित घरांतही याबाबत गैरसमज आढळतो. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, ही दोन्ही साधने केबलच्या रक्षणासाठी आहेत, माणसाच्या नव्हे. प्लगच्या सर्किटवर ३२ अँपिअरचा एमसीबी असतो. समजा, एखाद्याचा ओला हात जिवंत तारेला लागला. शरीराचा रोध साधारण हजार-दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून शंभर ते सव्वादोनशे मिलिअँपिअर वीज जाईल. ३२ अँपिअर म्हणजे बत्तीस हजार मिलिअँपिअर. एमसीबीच्या हिशेबी ही वीज एका छोट्या दिव्याएवढी, त्यामुळे तो हलणारसुद्धा नाही. माणसाच्या हृदयाला मात्र एवढी वीज भारी पडते. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही.

माणसासाठी असतो तो आरसीडी. त्याचे काम एखाद्या काटेकोर हिशेबनिसासारखे असते. जाणाऱ्या तारेतून जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. कमी आली, तर उरलेली कुठेतरी गळते आहे. ती जमिनीत जात असेल, यंत्राच्या पत्र्यात असेल, नाहीतर कोणाच्या तरी अंगातून. घरगुती आरसीडी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सर्किट तोडतो. तेवढ्या फरकाला त्याला ३०० मिलिसेकंदांची मुभा असते, पण फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत तोडावेच लागते. एक मर्यादा मात्र आहे. एका हाताने जिवंत तार आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर आरसीडीचा हिशेब बरोबर जुळतो आणि तो गप्प राहतो. म्हणून आरसीडी आहे एवढ्यावर सॉकेट उघडून बसू नये.

या दोघांना एकाच डबीत बसवले की झाला आरसीबीओ. तो जादा भार आणि शॉर्टसर्किटही पाहतो आणि गळतीही पाहतो, फक्त आपल्या एका सर्किटापुरती. आजच्या पेटीची निवड मुख्यतः या मुद्द्यावर येऊन ठेपते : दोन आरसीडींमध्ये सगळे घर वाटायचे, की प्रत्येक सर्किटाला स्वतःचा आरसीबीओ द्यायचा?

अर्धे घर की एक सर्किट

गेल्या पंधरा-वीस वर्षांत बसवलेल्या पुष्कळ पेट्यांमध्ये दोन आरसीडी आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार-पाच एमसीबी अशी रचना आहे. स्वस्त आणि पुरेशी सुरक्षित. पण कुठेही जरा गळती झाली की अर्धे घर बंद. माझ्या ओळखीचे एक कुटुंब डिसेंबरात चार आठवड्यांसाठी पुण्याला गेले होते. मागच्या अंगणातल्या दिव्यात पावसाचे पाणी शिरले, आरसीडी पडला, आणि त्याच आरसीडीवर फ्रीझर होता. परत आल्यावर दार उघडताच काय झाले ते नाकानेच सांगितले. आईने दिलेली वाटणे, ओला नारळ, मासे, सगळे गेले. फरशीचे लाकूडही फुगले. प्रत्येक सर्किटाला आरसीबीओ असता तर फक्त अंगणातला दिवा बंद पडला असता.

दुसरे कारण थोडे तांत्रिक, पण महत्त्वाचे आहे. संगणक, टीव्ही, वॉशिंग मशीन, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर ही उपकरणे बिघाड नसतानाही अर्थमध्ये थोडी थोडी वीज सोडत असतात. अशी पंधरा-वीस उपकरणे एका आरसीडीखाली आली, की तो आधीच काठावर येतो आणि मग विनाकारण पडू लागतो. म्हणून ही नेहमीची गळती आरसीडीच्या आकड्याच्या तीस टक्क्यांहून, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीला ९ मिलिअँपिअरहून, जास्त होऊ देऊ नये असा नियमावलीचा दंडक आहे. दोघे घरून काम करणार, मुलांची दोन गेमिंग यंत्रे, अशा घरात दोन आरसीडींवर हे गणित बसवणे अवघड जाते. आरसीबीओ पूर्वी फार महाग होते. आता त्यांच्या आणि एमसीबीच्या किमतीतला फरक पुष्कळ कमी झाला आहे. तेव्हा नवी पेटी घ्यायचीच असेल तर माझे मत स्पष्ट आहे : सगळ्या सर्किटांना आरसीबीओ घ्यावेत.

एसी की ए?

आरसीडी आणि आरसीबीओंमध्येही जाती आहेत, आणि स्वस्त कोटेशनमध्ये मेख बहुधा इथे असते. ‘एसी’ जातीचा आरसीडी साध्या लाटेसारखी गळती ओळखतो. पूर्वी घरात गिझर, इस्त्री आणि पिवळे बल्ब होते तोवर ते ठीक होते. आता इंडक्शन हॉब, इन्व्हर्टरचे वॉशिंग मशीन, लॅपटॉपचे चार्जर या सर्वांत इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि त्यांच्या गळतीत डीसीचा अंश असू शकतो. असा अंश आला की एसी जातीचा आरसीडी आंधळा होऊ शकतो, म्हणजे खरा शॉक बसला तरी तो पडेलच असे नाही. ‘ए’ जातीचा आरसीडी तुकड्या-तुकड्यांनी येणारी डीसी गळती ओळखतो आणि ६ मिलिअँपिअरपर्यंत सरळ डीसी असली तरी काम करतो. बीएस ७६७१ या नियमावलीच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर एसी जात फक्त अशा बसवलेल्या उपकरणांसाठी उरली, की ज्यांच्या विजेत डीसीचा अंश नाहीच.

आपल्या पेटीतला कोणता, हे बाहेरूनच दिसते. आरसीडीवर एक छोटी चौकट असते. तिच्यात नुसती एक लाट असेल तर एसी, आणि लाटेखाली अर्ध्या लाटा काढलेल्या असतील तर ए. पेटीत एसी दिसला म्हणून उद्याच बदलायची धावपळ करण्याचे कारण नाही. नव्याने पैसे मोजत असताना मात्र एसी घेऊ नये. मोटार चार्ज करायचे यंत्र बसवणार असाल तर त्याला स्वतंत्र सर्किट लागते, आणि त्याच्या यंत्रात डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का यावर ए जात चालेल की महागडी बी जात लागेल ते ठरते. छपरावर सोलर पॅनेल आणि बॅटरी असेल तर वीज दोन्ही दिशांनी वाहते. त्या सर्किटावर दोन्ही दिशांना चालणारीच साधने हवीत, हे २०२४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. सोलरवाला आणि पेटीवाला वेगवेगळे असले तर हा मुद्दा हमखास दोघांच्या मधे पडतो. विचारून घ्यावे.

आता अँपिअरच्या आकड्यांविषयी. दिव्यांना ६, सॉकेटच्या रिंगला ३२, कुकरला ३२ किंवा ४०, शॉवरला ४० ते ५०, हे नेहमीचे आकडे. पण आकडा यंत्रावरून वाढवायचा नसतो. केबलला जेवढे झेपते त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही. साडेसात किलोवॉटचा शॉवर काढून साडेदहाचा बसवला, की तो सुमारे ४५ अँपिअर ओढतो. जुनी ६ चौरस मिलिमीटरची केबल माळ्यावरच्या इन्सुलेशनमधून गेली असेल तर तिला हा भार पेलत नाही. अशा वेळी ‘मोठा एमसीबी टाकून देतो’ म्हणणारा वायरमन आणि जाड तार घालायला सांगणारे आपले शेजारी यांच्यात फरक तो काय? बी आणि सी ही अक्षरे पाहूनही असाच विचार करावा. घरात बी वापरतात. तो शॉर्टसर्किटच्या वेळी आकड्याच्या तीन ते पाचपट विजेला तत्क्षणी पडतो, सी पाच ते दहापटीला. सारखा पडतो म्हणून बीच्या जागी सी घालायचा असेल, तर आधी सर्किटाचा रोध मोजून तो चालेल याची खात्री करावी लागते.

पेटी पत्र्याची का

लंडनच्या अग्निशमन दलाने प्लास्टिकच्या कन्झ्यूमर युनिटना लागणाऱ्या आगींकडे लक्ष वेधले, आणि जानेवारी २०१६ पासून घरात नवी पेटी बसवताना ती न जळणाऱ्या वस्तूची, म्हणजे व्यवहारात पत्र्याची, असावी असा नियम आला. आगीचे कारण पुष्कळदा साधे असते : सैल स्क्रू. सैल जोड तापतो, प्लास्टिक धुमसते, आणि पेटी जिन्याखाली असल्यामुळे बाहेर पडायची वाटच धुराने भरते. नियम मागे लागू होत नाही, त्यामुळे जुनी प्लास्टिकची पेटी बेकायदेशीर ठरत नाही. पण तिच्या भोवती कागदी पिशव्या, रंगाचे डबे, जुनी रद्दी ठेवू नये. पेटीतून गुणगुण ऐकू आली, जळका वास आला, झाकण तपकिरी पडले किंवा हाताला गरम लागले, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन बोलवावा. मीटरजवळचा मोठा फ्यूज आणि त्याचे सील वितरण कंपनीच्या मालकीचे असते. त्याला हात लावू नये, आणि लावू देऊ नये.

नव्या कोटेशनमध्ये आणखी दोन अक्षरसमूह दिसतील. एसपीडी हा बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेपासून टीव्ही, बॉयलरचे सर्किट बोर्ड वगैरे वाचवतो. खर्च फार नाही, घ्यावा. एएफडीडी हा तारेत होणारी ठिणगी ओळखतो. उंच निवासी इमारती, एका घरात अनेक कुटुंबे राहतात ती घरे, विद्यार्थी वसतिगृहे आणि वृद्धांची निवासगृहे यांच्या सॉकेट सर्किटांना तो २०२२ पासून आवश्यक झाला. आपल्या साध्या घरांना त्याची फक्त शिफारस आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी खाली सांगितलेल्या तपासणीवर खर्च करावेत, असे मला वाटते.

पेटीआधी तपासणी

१९३० च्या सेमी-डिटॅच्ड घरात नवी चकचकीत पेटी बसवली आणि मागच्या केबली रबराच्याच राहिल्या, तर पैसे वाया जातात. म्हणून पेटी बदलण्याआधी ईआयसीआर, म्हणजे संपूर्ण वायरिंगचा तपासणी अहवाल घ्यावा. त्यात सी १ म्हणजे आत्ताच धोका, सी २ म्हणजे धोका होऊ शकतो, सी ३ म्हणजे सुधारणा सुचवली आहे, आणि एफआय म्हणजे अधिक शोध घ्यावा. सी १, सी २ किंवा एफआय यांपैकी एक जरी असला तरी अहवाल असमाधानकारक ठरतो. नुसते सी ३ असतील तर घर पास आहे. सी ३ दाखवून हजारो पौंडांचे काम गळ्यात मारू पाहणारे लोक आहेत, त्यांना एवढे ज्ञान पुरते.

जुन्या घरांत हटकून सापडणारा दोष म्हणजे उसना न्यूट्रल. जिन्यावरचा दिवा खालून आणि वरून लावता यावा म्हणून कोणीतरी जिवंत तार खालच्या सर्किटाची आणि न्यूट्रल वरच्याचा घेतलेला असतो. फ्यूज असताना याचा पत्ता लागत नाही. आरसीबीओ बसवले की हिशेब जुळत नाही आणि जिन्यातला दिवा लावताच अंधार. दोष नव्या पेटीचा नसून चाळीस वर्षांपूर्वीच्या आळसाचा असतो, पण तो काढायचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. आधी कळले तर कोटेशनमध्ये घालता येतात. तसेच गॅस आणि पाण्याच्या पाइपांना जोडलेली अर्थची जाड तार तपासून घ्यावी.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, तपासणीला साधारण दीडशे ते तीनशे पौंड, आणि सगळ्या आरसीबीओंसह पेटीला पाचशे ते हजार पौंड अशी सर्वसाधारण पट्टी आहे. घर मोठे किंवा वायरिंग बिघडलेले असेल तर अधिक. कोटेशन लेखी घ्यावे आणि त्यात साधनांचा मेक, ए की एसी, एसपीडी आहे का, आणि चाचण्यांचा खर्च धरला आहे का, हे वाचावे. पेटी एका कंपनीची आणि आतले एमसीबी दुसऱ्या कंपनीचे अशी खिचडी चालवून घेऊ नये. बसतात म्हणजे सुरक्षित असतात असे नाही. ऑनलाइन मिळणारे विनानावाचे स्वस्त आरसीबीओ तर नकोतच.

इंग्लंडमध्ये पेटी बदलणे हे बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट पी खाली कळवण्याचे काम आहे. हा भाग २००५ साली लागू झाला. एनआयसीईआयसी किंवा एनएपीआयटीसारख्या योजनेत नोंदलेला इलेक्ट्रिशियन ही नोंद स्वतः करतो. त्याच्याकडून दोन कागद मिळाले पाहिजेत : कामाचे इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचे प्रमाणपत्र. घर विकताना समोरचा सॉलिसिटर हे कागद मागतो आणि नसले की व्यवहार तिथे अडतो. ‘रोख द्या, शंभर पौंड कमी करतो, कागदाचे काय’ असे म्हणणारा आपला ओळखीचा असला तरी त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

भाड्याने राहणाऱ्या तरुण मंडळींनी हे माहीत करून घ्यावे, की इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार घरमालकाला दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी ही तपासणी करावी लागते. अहवालाची प्रत नव्या भाडेकरूला राहायला येण्यापूर्वी, आणि आधीपासून असलेल्याला तपासणीनंतर २८ दिवसांत द्यावी लागते. मागितली तर घरमालकावर उपकार मागितले असे होत नाही. आपल्यापैकी ज्यांनी दुसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे त्यांनी याच वाक्याची दुसरी बाजू वाचावी : नियम मोडल्यास त्या वेळी ३०,००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे वेगळे आहेत, पण भाड्याच्या घरांना पाच वर्षांची तपासणी तिथेही आहे. स्वतःच्या घरासाठी दहा वर्षांतून एकदा, किंवा घर हातबदल होताना, ही शिफारस आहे.

भारतातून आणलेला मिक्सर

हा मुद्दा पेटीचा नाही असे वाटेल, पण आहे. भारतात ५ अँपिअरचे आणि १५ अँपिअरचे गोल पिनांचे प्लग असतात. ती मुळात ब्रिटिशांचीच जुनी पद्धत. इथे १९४७ मध्ये चौकोनी पिनांच्या १३ अँपिअर प्लगचे मानक आले आणि सॉकेटची रिंग रूढ झाली. रिंगवर संरक्षण ३० किंवा ३२ अँपिअरचे, म्हणून बारीक वायरीच्या रक्षणासाठी प्रत्येक प्लगमध्येच फ्यूज घालण्यात आला. भारतातल्या प्लगमध्ये हा फ्यूज नसतो. तेव्हा फ्यूज नसलेल्या प्रवासी ॲडॉप्टरवर मिक्सर किंवा वेट ग्राइंडर लावला, तर त्याच्या बारीक वायरीवर पहारा फक्त पेटीतल्या ३२ अँपिअरचा. वायर लाल होईल, पण तो पडेलच असे नाही. व्होल्टेज दोन्हीकडे जुळते, त्यामुळे मिक्सर छान चालतो आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. उपाय दोन-तीन पौंडांचा आहे : गोल पिनांचा प्लग कापून इथला १३ अँपिअरचा प्लग लावून घ्यावा आणि आत ७५० वॉटच्या मिक्सरला ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. १३ चा नव्हे. गणपतीच्या मखराला आणि दिवाळीत बाहेर लावायच्या माळा इथल्या बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्याच घ्याव्यात. नोव्हेंबरच्या पावसात भारतातली माळ टिकत नाही.

आरसीडी पडला की घाबरून पुन्हा पुन्हा वर ढकलू नये. त्या सर्किटावरची सगळी यंत्रे प्लगमधून काढावी, आरसीडी वर करावा, आणि एकेक यंत्र लावत जावे. ज्याला लावताच पडेल ते दोषी. बहुधा किटली, वॉशिंग मशीन किंवा बाहेरचा दिवा निघतो. सगळे काढूनही पडत असेल तर दोष भिंतीत आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आणि आरसीडीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण सहा महिन्यांतून एकदा दाबावे. आतला भाग हलत राहिला नाही तर तो चिकटून बसू शकतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपण घड्याळे बदलतो, त्याच दिवशी हे काम करावे. आधी संगणक बंद करावेत, बटण दाबावे, वीज जायलाच हवी. गेली नाही तर तो आरसीडी निकामी समजून सोमवारी सकाळी फोन करावा. भारतात जाण्यापूर्वीही एकदा दाबून पाहावे, पण निघायच्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी, म्हणजे काही निघालेच तर दुरुस्तीला वेळ राहील.